पालथी बरणी

जुनी बरणी ओळखायची तर आधी ती पालथी करावी. तोंडाशी नुसता लोणच्याचा वास. कूळ सांगतं ते बूड. बुडाच्या कडेला झिलई नसते. तिथे माती उघडी पडते आणि खोटं बोलू शकत नाही. दाट, राखाडी-पिवळट, पाण्याचा थेंब न पिणारी असेल तर भाजणी पक्की. मग टिचकी मारावी. खणखणीत वाजली तर अंग धड. बद्द वाजली तर कुठेतरी तडा लपलाय. शेवटी बोट खांद्याकडे न्यावं, कारण कारखान्याचा शिक्का बुडावर नसला तर तिथे सापडतो.

शिक्क्यात जबलपूरचं नाव इंग्रजी अमदानीतल्या ‘जुब्बलपोर’ या वळणाने उमटलं असेल, तर बरणी बहुधा आजेसासूबाईंच्या काळातली. या गावात बर्न कंपनीचा मातीकामाचा कारखाना होता, परफेक्ट पॉटरी होती. सांडपाण्याचे नळ आणि स्वयंपाकघरातल्या बरण्या, दोन्ही एकाच जातीच्या पक्क्या भाजणीचे. अशा काही भांड्यांची झिलई मिठाची असते. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास तापली की तिच्यात मीठ टाकतात. त्याची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतं आणि भांड्यावर काचेचा पापुद्रा धरतो, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा. भट्टीतच मिठाने न्हालेल्या बरणीला कैरीच्या खाराचं काय भय!

या मातीचं वय मनात आणलं की बरणी उचलताना हात जरा सावध होतो. इथल्या पांढऱ्या मातीच्या थरांना भूगर्भशास्त्रात जबलपूरचंच नाव आहे. त्यांच्यावर लमेटाचे थर, आणि त्यांत 1828 साली कॅप्टन स्लीमनला प्रचंड हाडं सापडली. पुढे 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस’ म्हटलं. म्हणजे आपला मुरांबा ज्या मातीत मुरतो, ती डायनोसॉरच्या पायाखालची.

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेवर तेवर गाव लागतं. तीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. 1952 मध्ये सागर विद्यापीठातर्फे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. मातीतून निघाली ती मुख्यतः खापरं. त्यांत उत्तरेकडची काळी, आरशागत चकाकणारी जातही होती. ही भांडी त्या काळी इतकी मोलाची, की उत्तरेत काही ठिकाणी फुटलेली भांडी तांब्याच्या खिळ्यांनी सांधलेली सापडली आहेत. दीक्षितांनी खापरांचा रंग, पोत, काठ, थर, सगळं टिपलं. 1955 मध्ये अहवाल छापून आला. तळहाताएवढ्या तुकड्यालाही त्यात जागा मिळाली.

आणि आपण? जबलपूरच्या राइट टाउनमधला जुना वाडा पाडताना अख्खी बरणी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवतो. तिचं वय हजारांत नाही, एवढाच तिचा गुन्हा. कारखान्यांची कागदपत्रं कुठे असतील नसतील; शिक्के मात्र माळ्यावर आहेत. तेव्हा घर बदलाल, तेव्हा बरणी पालथी करा. शिक्क्याचा फोटो घ्या, उंची मोजा, तिच्यात काय मुरायचं आणि ती कुणाच्या हातून आली ते आजीला विचारून लिहून ठेवा. आजी आहे तोवरच हे होण्यासारखं आहे.