‘पक्का’ची विलायतवारी

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे इंग्रज मित्र उत्तम वस्तूला ‘पका’ म्हणतात, तो शब्द आपलाच काय, अशी पृच्छा तू केली आहेस. तो इंग्रजीत गेला हिंदुस्थानीतून. परंतु कूळ आपल्या ‘पक्का’चेच. ‘पच्’ म्हणजे शिजवणे, त्यापासून ‘पक्व’, आणि पक्वापासून पक्का. इंग्रजीतला ‘कुक’देखील लॅटिनच्या वाटेने त्याच आद्य धातूशी जाऊन मिळतो.

लाडवांचा पाक करताना तुझी आजी त्याचा थेंब अंगठा व तर्जनी यांत धरून, बोटे हळूच विलग करून तार पाहत असे. तार मनाजोगती आली की पाक पक्का. अग्नीचा हाच संस्कार मातीवर झाला की वीट पक्की. आणि विटेमागून घर, रस्ता, कच्च्या खर्ड्यावरून उतरवलेली कीर्द, धुऊनही न उतरणारा रंग, मुलांचे पाढे, असा त्या विशेषणाचा अंमल वाढत गेला. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, पण दगडी जोते व तटबंदी उभी राहिली. पक्के काम ते हे.

सतराव्या शतकातील कंपनीच्या इंग्रजांच्या लिखाणात हा शब्द वजनांच्या संबंधात आढळतो, कारण पक्का मण आणि कच्चा मण यांतला भेद ज्याला उमगला नाही त्याची व्यापारात नुकसानी ठरलेलीच. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या युल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात घर, रस्ता, नेमणूक यांच्या जोडीला पक्का लबाडही आहे. पुढे ‘पक्का साहेब’ झाला, आणि ज्यांच्या भाषेतून शब्द घेतला त्यांनाच त्या बिरुदाबाहेर ठेवण्यात आले. हा अर्थ मला आजही सलतो.

साम्राज्य गेले, शब्द राहिला, आणि ‘अस्सल’वरून ‘फक्कड’वर आला. १९९९ च्या सुमारास जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरदर्शनवर स्वयंपाक करता करता तो घरोघरी नेला. म्हणजे चुलीपासून निघालेला शब्द पुन्हा चुलीपाशीच पोचला. मात्र इंग्रजीत आता त्यात निव्वळ प्रशंसा उरली आहे, आणि आपल्याकडे चोरही पक्का असतो. माझ्या मते आपलाच अर्थ अधिक भरीव, कारण तो वस्तूच्या गोडीपेक्षा तिच्या पूर्णत्वाची साक्ष देतो.

तुझ्या शेजारी कोणी वृद्ध इंग्रज असतील, तर त्यांच्या बालपणी हा शब्द कोणत्या अर्थाने रूढ होता, ते विचारून सविस्तर कळव.

तुझा,
काका