एका क्रोनाचं लोखंड

स्वीडिश भाषेत 'काका' म्हणजे केक. हे मला माहीत होतं, तरी सत्तरी ओलांडलेल्या लोहाराला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळेना. स्वीडनच्या गोटलंड बेटावरच्या त्यांच्या लोहारशाळेत पहिल्याच दिवशी तोंडातून 'काका' निघून गेलं. ते पोट धरून हसले. मग आठवडाभर मी त्यांना केक म्हणत होतो आणि ते ओ देत होते.

मी धातुशास्त्राचा पदवीधर. लोखंड-कार्बनचा आलेख झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन; पण तापलेलं लोखंड सांडशीत धरायची वेळ वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत आली नव्हती. व्हायकिंग पद्धतीचा चाकू स्वतः घडवायचा म्हणून फी भरून गेलो, तेव्हा डोळ्यांसमोर सिनेमातला हातभर लांब सुरा होता. काकांनी कमरेचा चाकू काढून पुढे ठेवला. पातं जेमतेम माझ्या तळहाताएवढं. "पाव, मासे, चामडं, लाकडी चमचे, सगळं यानेच व्हायचं," ते म्हणाले. "मारामारीची हत्यारं वेगळी."

ऐरणही तशीच, मुठीएवढी. १९३६ साली याच बेटावर, मेस्टरमीर नावाच्या पाणी उपसून शेतीखाली आणलेल्या दलदलीत, एका शेतकऱ्याच्या नांगराला ओकची पेटी लागली. आत दोनशेहून जास्त वस्तू: हातोडे, सांडशा, कानशी, करवती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराचा अख्खा संसार. पेटी आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. काकांची निम्मी हत्यारं तिच्यातल्या हत्यारांबरहुकूम त्यांनी स्वतः केलेली. एवढ्याशा ऐरणीवर काम कसं होणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चाकू तिच्याहूनही बारीक असतो."

त्या काळी पोलाद दुर्मीळ. म्हणून ते नुसतं मधे, धारेपुरतं. दोन्ही अंगांना मऊ लोखंड. तेही आजचं नव्हे, तर जुनं घडीव, ज्यात कीटाचे लाकडासारखे धागे असतात. असं लोखंड आता कारखान्यातून येत नाही. काकांकडे त्यांच्या आजोबांच्या गोठ्याच्या दाराची एक लांब बिजागरी होती. ती त्यांनी मधोमध तोडली आणि अर्धी माझ्यापुढे टाकली.

ती मी जाळली. कारण आलेखात होतं. लोखंड सांधायला पांढरट पिवळं तापवावं लागतं आणि पोलाद त्याच्या आधीच जळायला लागतं. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या, मला त्या सुंदर वाटल्या, आणि घाव घालताच पोलादाचा भुगा झाला.

काका काही बोलले नाहीत. दुसरी अर्धी बिजागरी उचलून त्यांनी ऐरणीजवळ ठेवली. मी नको नको म्हणत होतो; फीच्या हिशेबात हे बसत नव्हतं. "गोठा केव्हाच पडला," ते म्हणाले. "नुसती बिजागरी ठेवून काय करू?"

या वेळी त्यांनी खिडक्या लावल्या. अंधारात रंग खरा दिसतो. वाळू टाकून तापवलेला तुकडा मी बाहेर काढला आणि ते शेजारी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. पहिले घाव बद्द वाजले. चौथ्या-पाचव्याला आवाज एकसंध झाला. मला कळायच्या आत काकांनी मान हलवली. सांडशीला त्यांनी एकदाही हात लावला नाही. माझ्या हातून आणखी एक तुकडा जळू शकत होता आणि त्यांच्याकडे तिसरा नव्हता, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग धार कडक करायची. पातं लाल झालं, लोहचुंबकाला चिकटेनासं झालं, तरी काका म्हणाले, "आणखी एक श्वास." मग तेलात. आमच्याकडे याला 'पाणी देणे' म्हणतात, असं मी सांगितलं. तो शब्द त्यांना फार आवडला. सातारा जिल्ह्यातल्या आजोळी मी विळे पाजवायला घेऊन जायचो आणि लोहार पैसे घ्यायचे नाहीत, सुगीला धान्य न्यायचे, हेही सांगितलं. काकांनी सहज विचारलं, "नाव काय त्यांचं?"

सगळं गाव त्यांना लोहारतात्या म्हणायचं. त्यांच्या भात्याची दोरी मी कितीतरी सुट्ट्यांत ओढली होती. नाव कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी बर्चच्या मुठीत पात्याची तापलेली शेपटी ठोकून बसवली, तिच्या धुराचा वास अजून माझ्या त्या शर्टाला आहे. निघताना काकांनी हात पुढे केला. चाकू भेट द्यायचा नसतो, मैत्री तुटते. तेव्हा लोखंडाचा म्हणून एक क्रोना दे, म्हणाले. मी दिला. आजोबांच्या बिजागरीची किंमत त्यांनी अशी वसूल केली.

पात्यावर मुठीजवळ एक बारीक काळी रेघ आहे. तिथे सांधा पुरता बसलेला नाही. ती घासून काढू नकोस, असं काका म्हणाले होते. काढलेली नाही.