'बाइट' आणि उष्टे

'कॅन आय हॅव अ बाइट?' हे इंग्रजीतील रोजच्या वापरातले वाक्य. त्यात पदार्थाचा मालक आहे, त्याची परवानगी आहे आणि मागितलेल्या घासाचे मापही आहे. ज्या तोंडाला तो पदार्थ आधी लागला, त्या तोंडाचा मात्र निर्देश नाही. 'ट्राय सम ऑफ माइन' या वाक्याचीही घडण अशीच. 'टेस्ट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तो स्पर्श करणे, चाचपणे हा अर्थ घेऊन. आज त्यातील स्पर्श विरला आहे.

मराठीत तो विरलेला नाही. तोंड लागलेले अन्न 'उष्टे' होते, आणि या संज्ञेला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. 'लेफ्टओव्हर्स' म्हणजे उरलेले. त्यात शिळेपणा येईल, उष्टेपणा येत नाही. ही संज्ञा एकपदरी नाही. शबरीची बोरे उष्टी असूनच गोड ठरतात, आई लेकराचे उष्टे सहज खाते, आणि मुले गोळी कापडात धरून 'चिमणीच्या दातांनी' तोडतात, म्हणजे वाटणीही होते आणि नियमही मोडत नाही.

परंतु प्रेमाने स्वीकारलेले उष्टे आणि नाइलाजाने उचलावे लागलेले उष्टे यांत जातिव्यवस्था उभी आहे. ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या १९९७ मधील हिंदी आत्मकथनाचे 'जूठन' हे शीर्षक २००३ च्या इंग्रजी अनुवादातही तसेच राहिले. लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळींवरचे उष्टे गोळा करणाऱ्यांचा अनुभव 'लेफ्टओव्हर्स' या शब्दात मावणारा नव्हता.

मराठी शाळेतून विद्यापीठात आलेली एखादी विद्यार्थिनी उपाहारगृहात मैत्रिणीला 'एक बाइट दे ना' असे म्हणते, तेव्हा ती नकळत एका संकेतव्यवस्थेतून दुसरीत जाते. 'तुझे उष्टे चालेल' असे म्हणताना वाटला असता तो संकोच तिला या वाक्यात वाटत नाही. परभाषेने दिलेली ही मोकळीक खरी आहे. तिला केवळ अनुकरण म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. मात्र 'बाइट' मागायचा कुणाकडे आणि द्यायचा कुणाला, याची निवड त्या शब्दाच्या आधीच झालेली असते. 'उष्टे' हा शब्द निदान त्या निवडीकडे बोट दाखवतो. तो वापरातून गेला तर विटाळाची कल्पना जाईलच असे नाही. तिच्याविषयी बोलण्याचे एक साधन मात्र नक्की जाईल.