सादळलेला आवाज

पापड सादळतो, बिस्किट सादळतं, हे ठाऊक होतं. टेपही सादळते म्हणे! १९७०-८० च्या काळातल्या पुष्कळशा टेपांत चुंबकीय भुकटी धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतली ओल पिऊन चिकट होतं. वाजवायला जावं तर टेप किंचाळते, भुकटी हेडवर सांडते. शास्त्रज्ञांचा उपाय थेट स्वयंपाकघरातला : सुमारे ५४ अंशांवर काही तास भाजा! (त्याआधीची अ‍ॅसिटेटची टेप कुजली की व्हिनेगरसारखी आंबूस वास मारते. तिला मात्र भट्टी वर्ज्य. पथ्यं ज्याची त्याला.) भाजलेली टेप काही आठवडेच धड राहते, तेवढ्यात नक्कल उतरवायची. आमच्या आजीच्या ओव्या अशाच एका रिळावर आहेत. भट्टीवाला म्हणाला, "काका, पहिल्याच फेरीत उतरवून घेऊ." त्या दिवशी आम्ही पंखासुद्धा बंद ठेवणार आहोत.