मिशनरीची बायको

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात एका शैव शिल्पपटावरच्या मूर्ती छिनून तिथे कोरलेला भलामोठा क्रूस आजही दिसतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी या लेण्याचे चर्च केले. अंधेरीत, आताच्या सीप्झच्या आवारात, जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या भिंती उरल्या आहेत. बोरिवली-अंधेरीच्या या साष्टी बेटावर ख्रिस्ती धर्म आणणारे हे सगळे पुरुष ब्रह्मचारी होते. अडीच शतकांनी मुंबईत अमेरिकन आणि पाठोपाठ स्कॉटिश प्रॉटेस्टंट आले, ते मात्र बहुधा जोडीने. मिशनच्या इतिहासाचा अभ्यास करताना हा फरक मला पंथभेदाहून महत्त्वाचा वाटत आला आहे. मराठी मुलखात या मिशनचा कणा एकटा धर्मोपदेशक नव्हता. तो नवरा-बायकोचा संसार होता, आणि इतिहासाने त्यातले अर्धे माणूस गाळून टाकले.

फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानाकडे धाडण्यात आले. त्यातले अडोनिराम जडसन ५ तारखेला बोहल्यावर चढले, ६ तारखेला त्यांना दीक्षा मिळाली आणि १९ तारखेला नवे जोडपे जहाजात बसले. लग्न आणि नेमणूक ही जणू एकाच कागदावरची दोन कलमे होती. पाचांपैकी सॅम्युएल नॉट, त्यांच्या पत्नी रॉक्साना आणि अविवाहित गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने अखेर मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. नॉट दांपत्य प्रकृती ढासळल्याने १८१५ मध्ये परतले. मागे राहिलेल्या हॉल यांनी १८१६ मध्ये मुंबईतच लग्न केले. या सर्वांना धाडणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेच्या दफ्तरी बायकांचा हुद्दा होता ‘सहायक मिशनरी’. सहायक म्हणजे काय, ते स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांच्या कामावरून कळते. पती जॉन विल्सन यांच्यासह त्या १८२९ मध्ये आल्या, हर्णै-बाणकोटला राहून मराठी शिकल्या आणि मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. जॉन दौऱ्यावर गेले की मागचा सगळा कारभार त्याच बघत. एप्रिल १८३५ मध्ये त्या वारल्या. पुढे ते काम चालवायला त्यांच्या दोघी बहिणी, अ‍ॅना आणि हे (Hay) बेन, स्कॉटलंडहून आल्या. एका ‘सहायका’ची जागा भरायला दोन माणसे लागली, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

यावर पहिला आक्षेप साष्टीचाच. संन्याशांनी गावेच्या गावे ख्रिस्ती केली आणि ती श्रद्धा वसईपासून मरोळपर्यंत टिकली. जोडप्यांच्या पदरी त्या मानाने मूठभर माणसे पडली. हे खरेच आहे. पण संन्याशांमागे पोर्तुगीज सत्ता होती, आणि धर्मांतर सबंध गावठाणाचे होई, बायकामुलांसकट. मुंबईतल्या प्रॉटेस्टंटांना घराघरांशी एकेकटा व्यवहार करायचा होता, आणि त्या घरातल्या स्त्रीपर्यंत परका पुरुष पोचूच शकत नव्हता. मुलगी शाळेत पाठवायची तर समोर बाईच हवी होती. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सिंथिया फरार तर अविवाहित होत्या! १८२७ मध्ये त्या अमेरिकेहून एकट्या मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. लग्न अपरिहार्य नव्हते, हे त्यावरून मान्य करावे लागते. मात्र अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती, आणि मुलाबाळांच्या धबडग्यात विवाहित बायकांना हे काम पेलेनासे झाले म्हणून फरार यांना बोलावले गेले. त्या आल्या त्या कामाचा पाया घातला होता संसारी बायकांनीच. तिसरा आक्षेप साम्राज्याचा. कंपनीला हे लोक आधी नको होते, पण नंतर ते तिच्याच छत्राखाली राहिले. त्यांचा संसारही आपल्याकडच्या आयांवर आणि आचाऱ्यांवर चालला, ज्यांची नावे ‘सहायक’ म्हणूनसुद्धा कुठे लागली नाहीत. हा आक्षेप मी खोडत नाही. तो पत्नीला वगळण्याचे समर्थन करत नाही, उलट वगळलेल्यांची यादी लांबवतो.

या व्यवस्थेची किंमत बायकांनी जबर मोजली. सेलमहून निघालेल्या हॅरिएट न्यूएल मॉरिशसला वारल्या तेव्हा अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. पाचांपैकीच एक असलेले त्यांचे पती १८१४ मध्ये मुंबईत पोचले ते एकटेच. हॉल यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली आणि इकडे १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात हॉल यांना पटकीने गाठले. श्रद्धेपोटी त्या स्वखुशीने आल्या, असे म्हणून हा हिशेब मिटत नाही. ज्या बोर्डांनी जोडप्याचे श्रम घेतले, त्यांनी दोघांना बरोबरीचा हुद्दा द्यायला हवा होता. जॉन विल्सन यांचे नाव गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजवर आहे. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा मार्गारेट यांच्या कामातून उभी राहिली, पण तिच्या पाटीवर त्यांचे नाव नाही.