मीटर लावायला कोणी तयार नव्हतं

बॅटरीची तक्रार घेऊन गेले की दुकानातला माणूस आधी विचारायचा, “गाडी कोण चालवतं?” मीच चालवते म्हटलं की त्याचं निदान पक्कं. “मग मॅडम, रात्री लाईट चालू राहिली असेल तुमच्याकडून.” या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडी 2008 ची, पेट्रोलवरची, छोटी. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच हजार फी आणि हरित कर भरून रीतसर री-पासिंग करून घेतलेली. साताऱ्यात माझी नोकरी चालत जाण्याइतक्या अंतरावर, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी. शनिवारी कराड, पेठ नाका, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), आष्टा करत सांगलीला विश्रामबागेत वडिलांकडे जायचं. ते एकटे असतात. तर शनिवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. साताऱ्यात उतारांना तोटा नाही. शेजारच्या मुलांनी ढकललं, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरायचं. बरेच आठवडे असंच धकलं.

बॅटरी वर्षाचीसुद्धा नव्हती. अठरा महिने मोफत बदलून मिळेल, असं कार्डावर शिक्क्यासह लिहिलेलं. दुकानदाराने लोड टेस्टर लावला आणि म्हणाला, “बॅटरी डेड आहे, पण वॉरंटीत बसत नाही. पूर्ण उतरवलीय तुम्ही.” मी म्हटलं, मी नाही उतरवली, ती आपोआप उतरते, का उतरते ते बघा. मग त्याने इंजिन सुरू करून व्होल्टेज मोजलं. 14.1 आलं. म्हणजे चार्जिंग चोख, गाडीत दोष नाही, बॅटरीत दोष नाही. राहिलं कोण? मी. लाईट, रेडिओ, नीट न लागलेलं दार, डिकीतला दिवा, एकेक करून सगळं माझ्या माथी मारलं. जुन्या बॅटरीची मोड वजा करून त्याने नवी विकली. ती नवीसुद्धा काही आठवड्यांत तशीच बसली. तेव्हा मावसभाऊ तीच गाडी घेऊन त्याच दुकानात गेला. त्याला लाईटबद्दल कोणी अवाक्षरही विचारलं नाही. “साहेब, वायरिंग जुनं असेल, बघून घ्या,” एवढंच. गाडी तीच, बॅटरी तीच. दोन महिन्यांत मला एकानेही वायरिंगचं नाव सांगितलं नव्हतं. घरातही तेच. “जुनी झाली, विकून टाक.” जुनी झाली हे काय निदान आहे?

पुढे सांगलीत मुक्काम लांबला आणि गाडी तिथेच बसली. सांगली सपाट, ढकलून तरी किती ढकलणार? वडिलांना मिरजेला डॉक्टरकडे रिक्षाने पाठवलं आणि शेजारच्या काकांनी शंभर फुटी रोडवरच्या एका म्हाताऱ्या वायरमनला बोलावून आणलं. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. चावी काढली, दारं लावली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. “ताई, आता सेल्फ मारू नका हां, मीटर जाईल.” थोडा वेळ थांबले. आकडा 0.42 अँपिअरवर स्थिर राहिला. “बंद गाडीनं 0.05 च्या आत खायला पायजे. ह्यो कोण खातोय बघू.”

एकेक फ्यूज उपसला. आकडा ढिम्म हलेना. मला वाटलं, आता हेही तेच म्हणणार. त्यांनी डायनामोच्या मागची जाड वायर काढली आणि आकडा झपकन 0.03 वर आला. ही वायर थेट बॅटरीला जाते, म्हणून छोटे फ्यूज काढून पत्ता लागत नाही. डायनामोतला, म्हणजे अल्टरनेटरमधला, एक डायोड उलट्या दिशेने गळत होता. इंजिन चालू असताना व्होल्टेज ठीक दिसायचं आणि गाडी बंद झाली की त्याच वाटेने बॅटरी रिकामी व्हायची. दिवसाला दहा अँपिअर-अवर. माझी बॅटरी पस्तीसची, म्हणजे तिसऱ्या दिवशी सेल्फ फिरणंच मुश्कील. त्यांनी डायोड प्लेट बदलली. सगळा खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आला.

बॅटरी मेली आहे हे दुकानदाराचं म्हणणं मात्र खरं होतं. बॅटरी वारंवार तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती कायमची दुबळी होते. टेस्टर खोटं बोलला नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, म्हणून तक्रार लिहून ठेवली, पण दिली नाही. त्या माणसाला बॅटरी विकायलाच शिकवलंय, गळती शोधायला कोणी शिकवलं नसेल, असं वाटून राग निवळला होता. आता लिहिता लिहिता पुन्हा चढला. येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं. माझ्यावर कशाला ढकललं? उभ्या गाडीतली गळती आणि चालू गाडीतलं चार्जिंग या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, एवढं तर बॅटरी विकणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

बॅटरी सारखी उतरत असेल तर नवी घेण्याआधी गाडी बंद ठेवून निगेटिव्हला मीटर लावायला सांगा. आकडा स्वतः वाचा, बिलावर लिहून घ्या. लावायला नकार देणाऱ्याकडून बॅटरी घेऊ नका.