कागद कोरडे, भिंत ओली



गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या खोलीतलं कपाट हलवलं, तर मागची भिंत काळी पडलेली. हात लावला तर ओली. मी ब्लीच आणायला निघाले तेवढ्यात आई म्हणाल्या, "अगं, बुरशीत अनंत जीव. पुसलं तर हिंसा, ठेवलं तर माझा दमा. आधी ओल कुठून येते ते बघ."

आमचं लेस्टरचं घर जुनं, विटांचं. आईंचा दमा आणि आमचं बेताचं उत्पन्न, म्हणून योजनेतून बाहेरच्या भिंतींना थंडी अडवणारा थर फुकट बसवून मिळाला होता. फुकट म्हणायचं इतकंच! २०१३ मध्ये इथे 'एनर्जी कंपनी ऑब्लिगेशन' नावाची योजना सुरू झाली. मोठ्या वीज-गॅस कंपन्यांनी गरजू घरांत अशी कामं करून द्यायची आणि तो खर्च सगळ्यांच्या बिलांतून निघायचा. त्यावर देखरेख ऊर्जा नियामकाची, म्हणजे ऑफजेमची.

तक्रार कुठे करायची हे शोधताना मला ही देखरेख म्हणजे काय ते समजलं. ऑफजेम प्रत्येक कंपनीचा वाटा ठरवायचं, तिने दाखवलेली कामं तपासायचं आणि त्यांतली बचत तिच्या नावावर मांडायचं. ही बचत कुणाच्या मीटरवर मोजलेली नसायची. घराची आधीची श्रेणी आणि नंतरची श्रेणी, यावरून ती धरली जायची. थर नीट बसलाय का, हे बघायची व्यवस्था ट्रस्टमार्क या वेगळ्या संस्थेकडे. ठेकेदारांना प्रमाणपत्र देणारे आणखी तिसरेच.

इतके डोळे असूनही काय झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. अलीकडच्या योजनांत बाहेरून थर बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे मोठे दोष! आतून थर दिलेल्या घरांत २९ टक्के. जबाबदारी वाटली गेली होती, आणि कुणाची कुठे संपते तेच स्पष्ट नव्हतं.

आमच्या फाइलमध्येही सगळं ठीक होतं. प्रमाणपत्र, हमीपत्र, फोटो. पण शिडी लावून पाहिलं, तर छपराखाली थराचा वरचा काठ उघडाच. पाऊस तिथून आत उतरत होता. ठेकेदाराकडे चार महिने पत्रं लिहिल्यावर माणसं आली, काठ बंद झाला. तोवर आई पुढच्या खोलीत झोपत होत्या.

आपण पाणी गाळतो तेव्हा गाळणं फाटलंय का ते रोज उजेडात धरून बघतो ना? तसंच करा. हमीपत्र जपून ठेवा, काम चालू असताना फोटो काढा, पहिल्या मोठ्या पावसानंतर कपाटामागे हात फिरवा.

मी आता दर रविवारी फिरवते. परवा आईंनी खाटेवरूनच विचारलं, "कोरडी आहे ना गं?"

कोरडी होती.